त्याला बोलतं करू नका, आधी झोपू द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ महापालिकेच्या अग्निशमन दलात आहे. तीन आठवड्यांपूर्वी घराच्या आगीतून त्याने एका लहान मुलाचा मृतदेह बाहेर काढला. तेव्हापासून धड झोप नाही, चिडचिड वाढलीय, रात्रीचं पिणं वाढलंय आणि विचारलं तर उठून जातो. त्याला बोलतं कसं करावं?

याच कामात उभी नोकरी गेली म्हणून स्पष्ट सांगतो. बोलतं करू नका.

'सगळं बाहेर काढायला लावा, मोकळं वाटेल' हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. हेतू चांगला असतो. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये अशीच एक पद्धत मांडली होती: घटनेनंतर लगेच अख्ख्या तुकडीला बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायचं. जगभरच्या अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांनी ती उचलली. पुढे नीट चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं, की अशा एकाच बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आज ही पद्धत वापरू नका असंच सांगतात.

तो आपणहून बोलला तर हातातलं काम ठेवून ऐका. मूल कसं दिसत होतं, आई-वडील कुठे होते, हे खोदून विचारू नका. 'देवाची इच्छा' आणि 'तुझं कामच आहे ते' ही दोन वाक्यंही गिळून टाका. त्यापेक्षा तो नाइट करून आला की पोरांना खाली खेळायला न्या, दाराची बेल बंद करा आणि त्याला सलग झोपू द्या.

आमच्याकडचे जुने तांडेल, म्हणजे तुकडीचे अनुभवी म्होरके, हे सगळं न शिकता करायचे. आत मृतदेह आहे असं कळलं की नवख्या पोराला दोर किंवा लाइट धरायला बाहेर ठेवायचे. उचलण्याआधी चेहरा झाकायचे. मृताच्या खिशातला फोन वाजायला लागला तर स्क्रीन कोणाला दिसू न देता पालथा ठेवायचे, कारण त्यावर 'घर' किंवा 'आई' असं आलेलं असतं आणि ते एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही. वर्दीवरून, म्हणजे आग-अपघाताच्या कॉलवरून, परत आल्यावर होज धुताना, बंबात पाणी भरताना पोरं दोन-चार वाक्यं बोलायची. बहुतेकांना तेवढं पुरायचं. म्हणून भावाचा एखादा जवळचा शिफ्टवाला असेल तर त्याला घरी चहाला बोलवा. तो जे ऐकून घेईल ते तुम्हाला ऐकवायला भाऊ धजणार नाही.

सगळ्यांनाच तेवढ्याने पुरत नाही, हेही खरं. इर्शाळवाडीला जुलै 2023 मध्ये दरड कोसळली, वर यंत्रं नेता येईनात, पावसात चिखल हातांनी उपसावा लागला. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. माणसं खाली आहेत हे माहीत असताना फावडं टाकून डोंगर उतरायचा, याला कसलं समुपदेशन पुरणार? आणि पुढच्या पावसाळ्यात दरडीची वर्दी आली की पुन्हा निघायचंच.

तुमच्या भावाला तीन आठवडे झालेत. बरेच जण पहिल्या महिनाभरात आपोआप सावरतात. त्यानंतरही तीच स्वप्नं, जळका वास आला की घराबाहेर पडणं, तो रस्ता टाळणं, स्वतःच्या मुलांना जवळ न घेणं चालू राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. यावर उपचार आहेत: आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं टप्प्याने बदलणारी बोलण्याची थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवत आठवणींवर काम करणारी थेरपी). तिथेही आठवणींवर बोलावं लागतंच, पण प्रशिक्षित माणसासमोर आणि टप्प्याटप्प्याने. 'तुझ्या जिवावर थोडंच बेतलं होतं' असं कोणी म्हणालं तर सांगा, की मानसिक आजारांच्या 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत अशा आघाताचं उदाहरण म्हणून मृतदेहांचे अवशेष गोळा करणारे बचावकर्ते थेट दिलेले आहेत.

मात्र मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली, तर महिना मोजत बसू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दारूने झोप लागते पण टिकत नाही, पहाटे तीनला माणूस टक्क जागा. त्यावरून भांडण काढून उपयोग नाही, डॉक्टरांना मात्र किती पितो ते खरं सांगा. ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणू नका. दारूबरोबर त्या जिवावर बेतू शकतात.

त्याची खरी भीती वेगळीच असेल: अनफिट ठरवतील, शिफ्टमध्ये 'येरवडा' म्हणून चिडवतील. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहते. साहेबाने फोन केला म्हणून डॉक्टर सांगू शकत नाहीत. पहिलं पाऊल म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. आधी तुम्हीच लावा. घरच्यांनी काय करावं हेही तिथे विचारता येतं.

आणि 'साहेबांना भेटून कंट्रोल रूमला बदली मागू का' असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्याला न विचारता अजिबात नको. बंबावरून काढलं की शिक्षा झाली असं वाटतं, शिवाय कंट्रोल रूमला फोनवरच्या किंकाळ्या ऐकाव्या लागतात, ती काही आरामाची जागा नाही. आधी साधी अर्जित रजा घ्यायला लावा, आठ-दहा दिवसांची. अर्जात 'घरगुती कारण' एवढं पुरतं.