स्मार्ट स्विच जोडताना: गडबड ॲपमध्ये की भिंतीत?

प्रश्न: दिव्याच्या स्विचबॉक्समध्ये दोनच वायरी आहेत. स्मार्ट स्विचला फेज, न्यूट्रल आणि लोड (दिव्याकडे जाणारी वायर) असे तीन स्क्रू आहेत. न्यूट्रलच्या जागी अर्थिंग जोडलं तर चालेल का?

नाही, कधीच नाही. तसं जोडल्यावर स्विच चालू होतो, आणि म्हणूनच हा मार्ग फसवा आहे. अर्थिंगच्या वायरीतून सतत करंट वाहू लागतो. पुढे कुठे ती वायर तुटली, तर तिला जोडलेल्या उपकरणांच्या धातूच्या अंगावर फेज उतरतो.

साधा खटका फक्त फेज तोडतो आणि जोडतो, त्याला न्यूट्रल लागत नाही. स्मार्ट स्विचमधला रेडिओ मात्र दिवा बंद असतानाही जागा राहावा लागतो, त्यासाठी पूर्ण सर्किट हवं. आधी एमसीबी बंद करून बॉक्स नीट उघडून पाहा. मागच्या बाजूला टेप गुंडाळून ठेवलेला न्यूट्रलचा जोड अनेकदा तिथेच सापडतो. बोर्डावर प्लग पॉइंट असेल, तर तिथे न्यूट्रल आहेच. पण तो दिव्याच्याच सर्किटचा आहे ना, हे तपासा. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल घेतला तर जाणारा आणि परतणारा करंट जुळत नाही, आणि दोन्ही सर्किटं वेगळ्या आरसीसीबीवर (करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण) असतील तर ते ट्रिप होतात. घरात साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक त्याला पुरतो.

तपासताना एक चूक फार होते. फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर यांच्यात मल्टिमीटर लावला, तरी तो जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो, कारण दिव्याच्या आतून न्यूट्रलपर्यंत वाट असते. तीच वायर न्यूट्रल समजून जोडली जाते. दिवा होल्डरमधून काढा आणि पुन्हा मोजा. आकडा नाहीसा झाला किंवा बराच घसरला, तर ती दिव्याची वायर होती. निऑनच्या टेस्टरवर इथे विसंबू नका, आणि वायरीच्या रंगावर तर मुळीच नाही.

न्यूट्रल खरोखरच नसेल, तर बिनन्यूट्रलचा स्विच घ्या. तो स्वतःपुरता बारीकसा करंट दिव्यातूनच ओढतो. त्यामुळे कमी वॅटचे एलईडी बंद असतानाही मंद जळतात किंवा लुकलुकतात. उपाय म्हणजे स्विचसोबत मिळणारा बायपास कपॅसिटर. तो दिव्याच्या होल्डरपाशी, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, दिव्याला समांतर लावायचा असतो. बरेच जण तो स्विचपाशी लावतात आणि मग उपयोग होत नाही.

प्रश्न: वायरिंग बरोबर आहे, स्विचवरचा इशाऱ्याचा छोटा दिवा लुकलुकतो, पण वायफायवर जोडणी शेवटच्या टप्प्यावर अडकते.

बहुतेक स्मार्ट स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलं असेल, तर जोडणीपुरतं ५ बंद करा किंवा २.४ ला वेगळं नाव द्या. वायफायची सुरक्षा निव्वळ डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असेल, तर जुनी डब्ल्यूपीए२ चालेल असं ठेवा. फोनवरचं व्हीपीएन आणि मोबाइल डेटा तेवढ्यापुरतं बंद करा. जोडणीच्या वेळी काही स्विच स्वतःचं छोटं वायफाय सुरू करतात. त्यावर इंटरनेट नाही हे पाहून फोन परस्पर मोबाइल डेटाकडे वळतो, आणि जोडणी तुटते. ॲपला लोकेशन आणि स्थानिक नेटवर्कची परवानगीही द्या.

पाहुण्यांच्या नेटवर्कवर स्विच टाकू नका. तिथली उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत, मग होम ऑटोमेशनच्या हबला (सगळी स्मार्ट उपकरणं सांभाळणारं मध्यवर्ती यंत्र) स्विच सापडणार कसा? आणि जोडणी झाली की राउटरमध्ये त्या स्विचसाठी आयपी पत्ता राखून ठेवा. दोन आठवड्यांनी ‘ऑफलाइन’ दिसणारे पुष्कळ स्विच प्रत्यक्षात फक्त पत्ता बदलून बसलेले असतात.

प्रश्न: मॅटरचा (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं मानक) स्विच एका ॲपमध्ये छान चालतो. दुसऱ्या प्रणालीत घेताना तोच कोड नाकारला जातो.

ते बरोबरच आहे. छापील कोड पहिल्या जोडणीसाठी असतो. दुसऱ्या प्रणालीसाठी पहिल्या ॲपमधूनच नवा कोड काढायचा. तो जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतो, म्हणून दुसरं ॲप आधी उघडून ठेवा. स्विच फॅक्टरी रीसेट केलात तर पहिली जोडणीही जाते आणि पुन्हा मूळ कोडच लागतो. म्हणून स्विच भिंतीत बसवण्याआधी त्याच्या पाठीवरच्या कोडचा फोटो काढून ठेवा. मॅटर आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवर चालतं, त्यामुळे राउटरमध्ये ते किंवा मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणारे संदेश) अडवलेलं असेल तर स्विच दिसून गायब होत राहतो.

प्रश्न: झिग्बीचे (वायफायऐवजी स्वतःच्या वेगळ्या रेडिओ नेटवर्कवर बोलणारे) चौदा स्विच आहेत. हबजवळचे तत्पर, लांबचे दोन रोज नेटवर्कमधून गळतात.

चौदांपैकी न्यूट्रल असलेले किती, हे आधी मोजा. न्यूट्रलवर चालणारे स्विच सहसा पुढच्या उपकरणांचे संदेश पोहोचवतात. बिनन्यूट्रलचे बहुधा पोहोचवत नाहीत, स्वतःपुरतेच बोलतात. हब आणि त्या दोन स्विचच्या मधे संदेश पुढे नेणारं काही नसेल, तर एक झिग्बी स्मार्ट प्लग मधल्या खोलीत लावा आणि ते दोन स्विच त्यांच्या कायमच्या जागीच पुन्हा जोडा. टेबलावर जोडून मग भिंतीत बसवलेला स्विच जुनीच वाट धरून बसू शकतो. धातूचा बॉक्सही सिग्नल खातो.

यूएसबीची झिग्बी स्टिक संगणकाला थेट खोचली असेल, तर ती साधारण मीटरभर एक्स्टेन्शन केबलवर घ्या. यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. एवढ्या एका केबलने सुटलेल्या तक्रारी खूप आहेत, म्हणून नवं काही विकत घेण्याआधी हेच करा. चॅनेलही पाहा. वायफाय १, ६ आणि ११ वर असेल तर झिग्बीला १५, २० आणि २५ तुलनेने मोकळे राहतात. चॅनेल बदलल्यावर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतील, ही तयारी ठेवा.

प्रश्न: जिन्याचा दिवा खाली-वर दोन्हीकडून चालतो. एका बाजूला स्मार्ट मोड्यूल (खटक्यामागे बॉक्समध्ये बसणारा छोटा स्मार्ट स्विच) बसवल्यापासून दुसरा खटका कधी चालतो, कधी नाही.

टू-वे जोडणीत दोन खटक्यांमध्ये दोन वायरी धावतात आणि खटका पालटेल तसा फेज या किंवा त्या वायरीवर जातो. मोड्यूलला मात्र कायमचा फेज हवा असतो. दुसऱ्या टोकाचा खटका पालटला की मोड्यूलचाच पुरवठा तुटतो, तो नेटवर्कमधून बाहेर पडतो, आणि तुम्हाला वाटतं की वायफाय गेलं.

समजा फेज खालच्या बॉक्समध्ये येतो, आणि दिव्याची वायर व न्यूट्रल वरच्या बॉक्समध्ये आहेत. मधल्या दोन वायरींपैकी पहिली खाली थेट फेजला जोडा. ती वर मोड्यूलला कायमचा फेज देईल. दुसरी निरोपाची. दोन्ही खटके काढून त्या जागी बेलसारखी दाबाची बटणं बसवा. खालचं बटण दाबल्यावर फेज निरोपाच्या वायरीवर यावा, वरचंही तसंच, आणि ती वायर मोड्यूलच्या एस टर्मिनलला (बटणाचा निरोप घेणारा स्क्रू) जोडा. सेटिंगमध्ये इनपुटचा प्रकार ‘पुश बटण’ निवडा. साधे खटके ठेवलेत, तर एक चालू राहिला की दुसऱ्याने काही होणार नाही, कारण दोन्ही समांतर आहेत.

यातली धोक्याची जागा एकच. काही मोड्यूलच्या एस टर्मिनलला फेज लागतो, काहींना कोरडा कॉन्टॅक्ट, म्हणजे बाहेरचा कोणताही व्होल्टेज नको. कोरड्या इनपुटला फेज दिला की मोड्यूल जळतो. ही वर सांगितलेली जोडणी फक्त पहिल्या प्रकारासाठी आहे. मोड्यूलवरची आकृती वाचल्याशिवाय स्क्रू आवळू नका.

प्रश्न: खोलीत स्मार्ट बल्ब आहेत. त्यांच्यासाठी स्मार्ट स्विच घ्यावा का?

घ्या, पण ज्याचं बटण रिलेपासून (स्विचच्या आतला, पुरवठा जोडणारा-तोडणारा खटका) वेगळं करता येतं असाच. मग रिले कायम चालू राहतो, बल्बचा पुरवठा तुटत नाही, आणि बटण फक्त संदेश पाठवतं. स्विच आणि बल्ब दोन्ही झिग्बीचे असतील तर त्यांचं थेट बाइंडिंग (हबशिवाय एकमेकांशी जोडणी) करा. हब बंद पडला तरी बटण चालेल. भिंतीवरचं बटण दाबून दिवा लागत नाही अशी व्यवस्था घरातल्या वडीलधाऱ्यांवर लादू नये.

प्रश्न: इंटरनेट गेलं की संध्याकाळचे दिवे लागत नाहीत. आणि रात्री वीज जाऊन आली की सगळे एकदम लागतात.

पहिली अडचण नियम कुठे चालतो याची. तो कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर इंटरनेटबरोबर जाणारच. होम असिस्टंटसारख्या घरातल्याच प्रणालीवर तो नियम घ्या, आणि स्विचशी बोलणंही स्थानिक असू द्या. खात्री करण्यासाठी राउटरमधून इंटरनेटची केबल काढा, वायफाय चालू ठेवा, आणि नियम चालतो का पाहा. दुसरी अडचण एका सेटिंगची: वीज परतल्यावर स्विचने बंद राहायचं, चालू व्हायचं की आधीच्या स्थितीत यायचं. झोपायच्या खोल्यांत ‘बंद’, बाकी ठिकाणी ‘आधीची स्थिती’.

प्रश्न: ॲपमध्ये बंद दिसतं, दिवे मात्र जळत राहतात. स्विचवर १० अँपिअर लिहिलंय, बारा एलईडी पॅनेल मिळून २०० वॅटही होत नाहीत. यावरच पाण्याचा हीटर घेता येईल का?

रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. १० अँपिअर हा आकडा बहुधा साध्या रोधी भारासाठी (चालू होताना जादा करंट न ओढणारी उपकरणं) असतो. एलईडीच्या ड्रायव्हरमधले कपॅसिटर चालू होताना क्षणभर चालू वॅटेजच्या कितीतरी पट करंट ओढतात, आणि बारा ड्रायव्हर एकदम ओढले की कॉन्टॅक्टवर ठिणगी पडून ते वितळतात. स्विच बदला, पॅनेल दोन-तीन गटांत वाटा, आणि व्होल्टेज शून्यावर असताना रिले जोडणारा प्रकार निवडा.

हीटर त्यावर नको. २३० व्होल्टवर ३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर, आणि तेही सलग बराच वेळ. स्मार्ट स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा करंट जोडणारा-तोडणारा दणकट रिले) कॉइल चालवा, हीटरचा करंट २० किंवा २५ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरमधून जाऊ द्या. कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर (झटका शोषणारी रोधक-कपॅसिटरची जोडी) लावा, नाहीतर कॉइल सुटताना येणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याने स्विच मधूनच रीस्टार्ट होईल. स्नबरमधला कपॅसिटर मेन लाइनसाठीचा एक्स२ प्रकारचाच हवा.