व्हिडिओचं राहू दे, त्या बादलीचं बोल

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते. गेल्या शनिवारी ताई आणि भावोजी लग्नाला गेले आणि त्यांच्या घरी मी मुलांजवळ थांबले. भाची पाच वर्षांची, भाचा अडीच. डोक्याला मेंदी लावून मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात भाच्याने बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावली. ती त्याला उघडेना. मी रडत-ओरडत गाऊनवरच जिन्यात धावले, मेंदीचे ओघळ गळ्यापर्यंत. अख्खा मजला जमला. वॉचमनने दार तोडलं. कुणीतरी व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. भाचा मात्र मजेत होता, दुपारी पाणी जातं म्हणून मी भरून ठेवलेल्या बादलीत मग बुडवत बसला होता. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, ‘दोन पोरं सांभाळता येत नाहीत.’ आता तिथे पाऊल ठेवायची लाज वाटते. पुन्हा बोलावलं तर नाही म्हणू का?

उत्तर : मेंदी, गाऊन आणि व्हिडिओ यांत तुझं पत्र संपलं. बादलीच्या वाट्याला एक ओळ आली, तीही तो मजेत होता हे सांगण्यापुरती. मी त्या ओळीपाशीच अडकले आहे.

व्हिडिओचं आधी उरकते. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन कर, त्यात लहान मूल दिसतंय, काढून टाका, एवढंच सांग. सासूबाईंना उलट उत्तर देऊ नकोस. त्यांचं म्हणणं इतकं काही चुकलेलं नाही.

अडीच वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. तळाशी गेलेला मग काढायला ते वाकलं की तोल पुढे जातो, पाय सुटतात आणि स्वतःला वर रेटायची ताकद हातांत नसते. वीस लिटरची बादली अर्धी भरली तरी दहा किलो पाणी होतं, म्हणजे ती कलंडतही नाही. नाक-तोंड बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, पाणी फारसं उडवतही नाही. आतून आवाज येत नाही म्हणजे खेळतोय, असंच तुला वाटलं असतं. मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की इजा कायमची. तुमचा वॉचमन वर येईपर्यंत किती मिनिटं गेली, ते आठवून बघ.

पाणी साठवावं लागतं, कबूल. पण ते फिरकीच्या झाकणाच्या पिंपात साठव. बादलीवर नुसतं ताट ठेवून भागत नाही, मूल ते ढकलतं. अंघोळ झाली की बादली रिकामी करून पालथी घालायची. आणि त्या घरात हीटरचा रॉड असेल तर आजपासून बंद. रॉड, पाणी आणि लहान मूल एका ठिकाणी नकोच.

येत्या रविवारी ताईकडे जा. माफी मागायला नाही, सुताराजवळ उभं राहायला. दार तुटलंय, तो येणारच आहे. जुनी कडी होती तिथेच नवी बसवून तो मोकळा होईल, तसं होऊ देऊ नकोस. आतली कडी जमिनीपासून पाच फुटांवर आणि तेवढ्याच उंचीवर बाहेरून दुसरी. बाहेरची कायम लावलेली. भाचीचा हात पोचणार नाही, तिला शूला जाताना हाक मारावी लागेल. मारू दे. दार पीव्हीसीचं असेल तर मधला भाग पोकळ असतो, तिथे स्क्रू लवकर ढिले होतात. कडेच्या पट्टीतच मारायला सांग. कडीऐवजी कुलूपच लावायचं ठरलं, तर बाहेरून नाणं घालून फिरवता येणारं घ्या.

एवढं करूनही मूल कधी आत अडकलंच, तर रडायचं नाही. तू रडलीस की तो घाबरतो आणि दारापासून लांब जातो. खाली बसून दाराच्या फटीतून बोट दाखव, त्याला बोलतं ठेव. दुसऱ्या कुणाला तरी व्हेंटिलेटरच्या काचा काढून आत बघायला सांग. अग्निशमन दलाचा नंबर १०१. पण आत पाणी भरलेलं असेल किंवा तो गप्प झाला, तर कुणाची वाट बघू नकोस. कडीच्या जवळ लाथ मार, दाराच्या मध्यावर नाही. मूल पाण्यातून काढलं आणि श्वास नसेल, तर उलटं धरणं नाही, पोट दाबणं नाही. आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब, आणि शेजारच्याला १०८ लावायला सांगायचं. हे कागदावर वाचून येत नाही. प्रथमोपचाराचा एक वर्ग ताईला घेऊन कर.

आणि मुलांना सांभाळायला नाही म्हणायचं नाही. तू गेली नाहीस तर ताई दुसऱ्या कुणाला तरी बोलावील. तीही दुपारी पाणी जातं म्हणून बादली भरून ठेवील.