महा ई-सेवा केंद्रासाठी नेट कोणतं घ्यावं?

दादा, तुम्ही तीन पर्याय विचारलेत: गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर, मोबाइल कंपनीचं गच्चीवर बसणारं एअरफायबर आणि कुणीतरी सुचवलेली लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखीव जोडणी. खाली महा ई-सेवा केंद्र, वर घर, गाव केज तालुक्यातलं. माझं मत सरळ आहे. फायबर घ्या, लीज्ड लाइनचा विचार सोडा आणि वाचलेल्या पैशांत वेगळ्या वाटेनं येणारी दुसरी जोडणी ठेवा. फक्त फायबर म्हणून जे देतायत ते घरापर्यंत फायबरच आहे का, हे आधी बघून घ्या. आपल्या भागात फसगत होते ती इथंच.

खऱ्या एफटीटीएचमध्ये, म्हणजे थेट घरापर्यंतच्या फायबरमध्ये, ऑपरेटरच्या ओएलटीपासून (त्याच्याकडचं मुख्य यंत्र) तुमच्या घरातल्या ओएनयूपर्यंत (फायबर जोडायचा छोटा डबा) काचेची तार येते. मध्ये असतो तो एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा स्प्लिटर, आणि त्याला लाइट लागत नाही. पण बऱ्याच तालुक्याच्या गावांत जुनी मांडणी अजून चालू आहे. फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत येतं, तिथं खांबावर किंवा कुणाच्या तरी भिंतीवर डबा, डब्यात मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या तारेत बदलणारा) आणि स्विच, आणि तिथून घरोघरी निळी-करडी लॅन केबल. ही केबल शंभर मीटरच्या पुढं नीट चालत नाही. डब्याला वीज ज्या घरातून घेतलीय तिथली लाइट गेली की अख्ख्या गल्लीचं नेट जातं, मग तुमच्या केंद्रात इन्व्हर्टर असला काय नि नसला काय. शिवाय केबल तांब्याची. मे महिन्यात वळवाच्या पावसात जवळपास वीज कडाडली की स्विचचे आणि तुमच्या राउटरचे पोर्ट जळतात. काचेतून तो झटका येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी शेजाऱ्याकडं जाऊन त्याच्या घरात आलेली तार बघा. शेवटाला हिरव्या किंवा निळ्या टोकाची बारीक पिवळी-पांढरी तार असेल तर फायबर. टेलिफोनसारखा पण थोडा रुंद पारदर्शक क्लिप असेल तर ती लॅन केबल आहे.

जोडणी झाली की तंत्रज्ञ जाण्याआधी त्याला मीटर लावून तारेतून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर दाखवायला सांगा. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. उणे १८ ते उणे २३ असेल तर उत्तम. उणे २७ ही साधारण कडेची मर्यादा. उणे २६ दाखवून तो "चालतंय की" म्हणाला तर ऐकू नका. आज चालेल, पण जोडाला धूळ बसली किंवा तार कुठं जास्त वाकली की ओएनयूवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागेल. नंतर हाच आकडा ओएनयूच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर म्हणून सापडतो. वहीत लिहून ठेवा. तक्रार करताना "नेट स्लो आहे" यापेक्षा "पॉवर उणे २० होती, आता उणे २८ आहे" हे वाक्य फार लवकर काम करतं.

आता वेग. सध्या बऱ्याच ठिकाणी लागणाऱ्या जीपॉन या फायबर वाटायच्या पद्धतीत ओएलटीच्या एका पोर्टवर खाली येताना सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाताना सुमारे १.२५ जीबीपीएस मिळतात, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ही वाटणी पुरेशी आहे. अडचण होते ती ऑपरेटरनं वरून बँडविड्थ, म्हणजे सगळ्यांसाठी मिळून एकूण वेग, कमी घेतलेली असली तर. नळाला पाणी आलं की सगळी गल्ली एकदम मोटारी लावते, तसं रात्री आठनंतर होतं. म्हणून स्पीड टेस्ट सकाळी नव्हे, रात्री शेजाऱ्याकडं करून बघा. आणि अपलोडचा आकडा वेगळा विचारा. केंद्राचं काम म्हणजे फोटो, सह्या, सातबाऱ्याचे आणि दाखल्यांचे स्कॅन वर चढवणं. त्यासाठी १०० एमबीपीएस डाउनलोडपेक्षा स्थिर १० एमबीपीएस अपलोड जास्त कामाचं. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी पोर्टलच अडकतं, तेव्हा प्लॅन वाढवून काही होत नाही. ते पैसे वाचवा.

लीज्ड लाइनमध्ये घेतलेला वेग फक्त तुमचा असतो, अपलोड-डाउनलोड सारखं, स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) मिळतो आणि दुरुस्ती किती तासांत व्हायची हे करारात लिहिलेलं असतं. वाळूजच्या कारखान्याला, मोठ्या दवाखान्याला, लातुरातल्या ऑनलाइन परीक्षा केंद्राला ती हवीच. दोन संगणक आणि एका प्रिंटरच्या केंद्राला तो खर्च झेपणारा नाही.

एअरफायबर वाईट नाही. त्यात फायबर नसतं एवढं लक्षात ठेवा. गच्चीवरचा अँटेना टॉवरचा ५जी सिग्नल घेतो आणि तारेनं घरातल्या राउटरला देतो. भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि ही घरगुती सेवा २०२३ मध्ये आली. टॉवर समोर दिसत असेल तर वेग छान मिळतो, पण तो टॉवरखालच्या सगळ्या मोबाइलवाल्यांबरोबर वाटून. तुमच्या बाजूला बालाघाटचे डोंगर आहेत, टॉवर आणि गच्चीच्या मध्ये टेकाड आलं तर विषय संपला. गावातला कुणी बिनतारी नेटची ५ गिगाहर्ट्झची डिश लावून देत असेल तर तिथंही हाच नियम. समोरची डिश दिसली पाहिजे, आणि पानगळीत दिसते म्हणून भागत नाही. मध्ये लिंब असेल तर पालवी फुटल्यावर सिग्नल पडतो.

दुसऱ्या जोडणीसाठी मात्र एअरफायबर किंवा साधा ४जी सिम राउटर चांगला. कारण फायबर तुटणार, हे धरूनच चाला. रस्त्याच्या कामाला जेसीबी आला की तुटतं. कारखाने सुरू झाले की उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या खाली लोंबलेली तार ओढून नेतात. ऑपरेटरला पहिला प्रश्न प्लॅनचा विचारू नका. तार जोडायचं स्प्लायसिंग मशीन त्याच्याकडं आहे की बीडहून माणूस येतो, हे विचारा. एका दिवसाचं केंद्र बंद राहणं आणि तासाभरात सुरू होणं यातला फरक तिथं आहे.

दोन कंपन्या घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या असंही नाही. टॉवरलाही मागून बऱ्याचदा फायबरच येतं. दोन्हींची तार एकाच रस्त्याच्या कडेनं येत असेल तर एकाच खड्ड्यात दोन्ही बंद पडतील. मागच्या वेळी फायबर तुटलं तेव्हा गावात कोणाच्या मोबाइलचं नेट चालू होतं, हे चार जणांना विचारा. दुसरं सिम त्याच कंपनीचं घ्या.

ओएनयू आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांना छोटा डीसी यूपीएस लावा, भारनियमनातले दोन-तीन तास आरामात निघतात. अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या. वरच्या घरासाठी वेगळं कनेक्शन नको. जिन्यातून एक लॅन केबल वर न्या आणि तिथं दुसरा राउटर लावा. स्लॅबमधून वायफाय वर नीट चढत नाही.

केंद्राचे कॅमेरे मोबाइलवर बघण्यासाठी स्थिर आयपी घ्यावा लागतो असं तुम्हाला सांगितलंय. घरगुती जोडणीत तुमचा आयपी बऱ्याचदा कंपनीच्या आतला असतो, त्यामुळं बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र) पोचता येत नाही, इथपर्यंत बरोबर. पण आजकालचे डीव्हीआर स्वतःच्या अॅपमधून क्लाउडमार्गे जोडले जातात, त्याला स्थिर आयपी लागत नाही. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून बघा, आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

शेतातल्या विहिरीवर कॅमेरा लावायचं शेवटी विचारलंय. तिथं तार नेऊ नका. सिम टाकायचा ४जी कॅमेरा आणि छोटं सौर पॅनल पुरतं. सिम घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांचे मोबाइल घेऊन विहिरीच्या काठावर, कॅमेरा जिथं बसणार त्या उंचीवर, अपलोडचा वेग मोजा. २ एमबीपीएस अपलोड मिळालं तर चित्र स्वच्छ दिसेल.