महालक्ष्म्यांचा नैवेद्य धाकट्या जावेने का करायचा नाही?

ताई, आम्ही सोळा वर्षांपासून डॅलसला आहोत. सासर नागपूरचं, महाल भागात. घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, असतात. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून यंदा रोज फोन येतो, "तू ये, तुझ्याशिवाय नैवेद्य व्हायचा नाही." धाकटी जाऊ त्याच घरात राहते. लग्नाला चार वर्षं झाली, हाताला चव आहे. पण तिची जात वेगळी, म्हणून सोवळ्यातल्या स्वयंपाकाला तिला हात लावू देत नाहीत. तिने भाज्या निवडायच्या, अंगण सारवायचं, आल्यागेल्याचा चहा बघायचा. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं, "काकू तिथेच असताना तू विमानाने स्वयंपाकाला का जातेस?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाईंचं मनही मोडवत नाही. काय करू?

तुमच्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ते तिच्यासमोर तोंडून काढवलं नाही, एवढंच. तिला खरं सांगा. "आपल्या घरात काकूची जात बघतात, म्हणून मला बोलावतात," हे वाक्य तिच्याशी मराठीत बोला. "आपली पद्धत आहे" असं सांगून विषय मिटवू नका, कारण ती पोरगी तो शब्द आयुष्यभर लक्षात ठेवेल आणि पद्धत म्हणजे काय, याचा तिचा अर्थ तिथेच ठरेल.

मी हे सांगते, कारण मला लहानपणी कुणी खरं सांगितलं नाही. माझं माहेर नागपूरच्याच इतवारीतलं. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी एक बाई केळीची पानं घेऊन यायची, सोबत माझ्याच वयाची तिची मुलगी. भारा अंगणात ठेवायचा, उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आजी पैसे वरून तिच्या ओंजळीत टाकायची. मग माझं काम. तांब्यातलं पाणी पानांवर शिंपडायचं, म्हणजे पानं शुद्ध झाली. ती मुलगी माझ्याकडे बघत उभी असायची. तिच्या आईने कापलेली, तिच्या आईच्या डोक्यावरून आलेली पानं, त्यावरच दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा-कनिष्ठेला पुरणपोळी वाढायची. मला ते काम आवडायचं, मोठं झाल्यासारखं वाटायचं. त्यात काय होतं, हे कळायला कॉलेज उजाडावं लागलं. त्या मुलीची माफी मागायची राहून गेली.

आता तुमच्या घराचं बोलू. सासूबाई सोवळ्याचं कारण देतील. सोवळं म्हणजे काय? पहाटे डोक्यावरून अंघोळ, धुतलेलं किंवा रेशमी वस्त्र, नैवेद्य होईस्तोवर तोंडात काही घालायचं नाही, मध्येच कशाला शिवायचं नाही. यातलं एकही जाऊबाईंना अवघड नाही. जे पाण्याने आणि वस्त्राने साधतं ते कुणालाही साधतं. आणि अंघोळ करून, रेशमी नेसूनही तिला आत घेत नसतील तर ते सोवळं नाही, ती जात आहे. घरात निदान जातीला जात म्हणावं, एवढं तरी करा.

"आपल्या घरात असं कधी झालं नाही," हेही ऐकाल. जवळच वर्ध्याला जमनालाल बजाजांनी 1928 साली घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं. पंढरपूरचं विठ्ठलाचं मंदिर उघडावं म्हणून साने गुरुजींनी 1947 साली प्राणांतिक उपोषण केलं आणि ते उघडलं. त्याच पंढरपुरात 2014 साली मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. विठोबाच्या गाभाऱ्याचं दार उघडू शकतं, तर महालातल्या एका स्वयंपाकघराचं का नाही, हे विचारायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता रद्द केली आहे. पण घरच्या चुलीपाशी पोलीस बोलवायचे नसतात. तिथे घरच्यांनीच बोलायचं असतं.

बोलायचं कुणी? तुम्ही नाही. तुमच्या नवऱ्याने. सुनेने बोललं की ते सासू-सुनेचं भांडण होतं आणि गल्लीभर पोचतं. मुलाने आईला सांगितलं की ते घराचं म्हणणं होतं. दोन्ही भाऊ मिळून बोलले तर उत्तम. तिकीट काढण्याआधी, सणाच्या निदान दोन महिने आधी, रविवारी सकाळी निवांत फोन करायला सांगा. दसऱ्या-दिवाळीच्या गप्पांत हे घुसडू नका. म्हणायचं एवढंच, "आई, आम्ही येतोय. स्वयंपाक दोघी सुना मिळून करतील, तू पाटावर बसून सांग." रडारड होईल, दोन दिवस फोन येणार नाही. येईल. गुडघे दुखणाऱ्या आईला मदत हवी आहे, ते तिलाही कळतं.

पण या सगळ्याच्या आधी एक फोन करायचा आहे, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. जाऊबाईंना. तुमच्या पत्रात मला त्यांचं म्हणणं कुठेच दिसलं नाही. चार वर्षं त्या भाज्या निवडतायत, त्यांना काय वाटतं हे तुम्ही विचारलंय का? त्यांना तो स्वयंपाक करायचा आहे का?

त्यांची जात तुम्ही लिहिली नाही, मला ती नकोही. पण नागपूरचं घर आहे म्हणून सांगते. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी आपल्याच शहरात, आज जिला दीक्षाभूमी म्हणतात तिथे, लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हा घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, अशीही एक आहे. जाऊबाईंचं माहेर बौद्ध असेल तर त्यांच्या आईवडिलांसाठी हा दिलेला शब्द आहे. मग तुम्ही मोठ्या मनाने त्यांना चुलीपाशी बसवलंत तरी तो त्यांना मान वाटेलच असं नाही. त्या म्हणतील, मला पूजा नको, पण भाज्या निवडून झाल्यावर मला परकी करू नका, पंगतीत सगळ्यांबरोबर बसवा. किंवा म्हणतील, मला करायचाच आहे, मी पुरण तुमच्यापेक्षा चांगलं करते. दोन्ही त्यांचं. तुम्ही फक्त विचारायचं आणि त्या सांगतील त्याच्या मागे उभं राहायचं. त्यांच्या वतीने लढायला निघू नका. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात परत डॅलसला जाल, त्यांना त्याच घरात राहायचं आहे.

सासूबाई अजिबात ऐकल्या नाहीत तर? मग तुम्ही जा, पण सोवळ्यात उतरू नका. जाऊबाईंच्या शेजारी बसून भाज्या निवडा. सोळा भाज्या निवडायला दोघी लागतातच. नैवेद्य घरातलं दुसरं कुणी करेल, किंवा यंदा साधा होईल. नुसता वरणभात-पुरणाचा नैवेद्यही चालतो, हे मी कितीतरी घरी पाहिलं आहे. "तुझ्याशिवाय होणार नाही," हे वाक्य तुम्हाला मानाचं वाटतं तोवर जावेचा अपमान चालू राहील. हे वाचून तुम्हाला लागेल, तरी लिहिते.

थोडं तुमच्या तिकडच्या घराविषयी. परदेशात मराठी मंडळात नवीन कुटुंब आलं की "आडनाव काय, मूळचे कुठले" हे दोन प्रश्न एका दमात येतात आणि उत्तरावरून नैवेद्याला कुणाला बोलवायचं ते ठरतं. सिअ‍ॅटल शहराने 2023 मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, ती उगाच नाही. तुमच्याकडे गणपती बसतो का? मग संकल्पाच्या वेळी गुरुजी यजमानांचं गोत्र विचारतील. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी काश्यप गोत्र म्हणण्याची जुनी रीत आहे. ते गुरुजींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे चारचौघांत कुणाला मान खाली घालावी लागणार नाही. आरतीचं ताट यंदा अशा घराच्या हातात द्या ज्यांच्या हातात ते आजवर आलं नाही.

आणि शेवटचं, अगदी व्यवहाराचं. पुरणाला डाळ किती, आंबील कधी भिजवायची, फुलोऱ्यात काय काय बांधायचं, हे सगळं सासूबाईंच्या तोंडपाठ असेल, लिहिलेलं कुठे नसेल. जाऊबाई तयार असतील तर एक वही घेऊन त्यांना सासूबाईंजवळ बसवा. तुमच्या मुलीलाही बसू द्या तिथे. आधी फोन करा मात्र. जाऊबाई काय म्हणाल्या, ते मला कळवा.