विचलन, विपथगमन की वाममार्ग?

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्राचं भाषांतर करताना ‘क्राइम’ला ‘गुन्हा’ सहज बसतो, पण ‘डेव्हिअन्स’ला, म्हणजे समाजात रूढ असलेल्या नियमांपासून ढळण्याला, काय म्हणावं? वाममार्ग, विपथगमन की विचलन?

‘वाममार्ग’ आधी बाद करू. तो शब्द निकाल सोबत घेऊनच येतो. लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे असताना एखादा बाकीच्यांकडे तोंड करून उभा राहिला, तर लोकांना कसंसंच होतं. पण त्यात गुन्हाही नाही नि वाममार्गही नाही. उलट, वेगमर्यादा जराशी ओलांडणं कायद्याने चूक, तरी सगळेच तसे जात असतील तर कुणी ढुंकून बघत नाही. दोन्ही गोष्टी शास्त्राला वेगळ्या मोजायच्या असतात.

‘विपथगमन’ व्युत्पत्तीला इमानी आहे, कारण लॅटिन ‘व्हिया’ म्हणजे वाट. पण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनपाशी तो शब्द अडखळतो. १९३८च्या लेखात मर्टनने समाजाने घालून दिलेली साध्यं आणि मान्य साधनं यांच्याशी माणूस कसं जुळवून घेतो याचे पाच प्रकार सांगितले. पैसा हवा पण सरळ मार्गाने मिळत नाही म्हणून भलतं साधन शोधणारा, हा एक. त्याला विपथगामी म्हणा हवं तर. पण त्याच यादीत कर्मकांडीही आहे: साध्यावर पाणी सोडलेला, नियम मात्र घट्ट धरून बसलेला. हा वाट सोडत नाही, कुठे जायचं तेवढं विसरलाय! मर्टनच्या लेखी सरळ जुळवून घेणारा सोडून बाकी चौघेही विचलनात मोडतात.

म्हणून माझं मत ‘विचलन’ला. संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ (स्टँडर्ड डेव्हिएशन) आधीच आहे, गोंधळ होईल, असा आक्षेप येतो. मला तर तो कोरडेपणाच सोयीचा वाटतो. गुन्हा हा कोणत्याही समाजात आढळणारा सामान्य भाग आहे, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९५ मध्ये मांडलं. निव्वळ संतांचा समाज कल्पिला तरी तिथे किरकोळ चुकाच अपराध ठरतील, असं त्याचं म्हणणं. अशा मांडणीला नाक न मुरडणारा शब्द हवा.

जाता जाता, दुर्खीमच्या ‘अ‍ॅनोमी’ या संज्ञेसाठी ‘अराजक’ वापरू नका. इच्छांना आवर घालणारे नियम सैल पडणं, हा त्याचा मुद्दा. अचानक आलेल्या भरभराटीतही ते घडतं, असं तो सांगतो. ‘कशाला धरबंधच उरला नाही’ यातला ‘धरबंध’ त्याच्या फार जवळचा.

‘अपराध’ची मौज वेगळीच. अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हणजे ज्याचा बाण लक्ष्यावरून चुकला तो. म्हणजे मुळात नेम चुकणं! ‘गुन्हा’ मात्र फारसीतून आला, आणि आज दाखल होतो, नोंदवला जातो, सिद्ध होतो.

ही क्रियापदं अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरला वाचताना उपयोगी पडतात. १९६३च्या पुस्तकात तो म्हणतो की विचलन कृतीच्या अंगी नसतं. लोक नियम करतात, ते कुणाला तरी लावतात आणि त्याला ‘बाहेरचा’ ठरवतात. मराठीत हा सिद्धान्त ‘ठरणे’ या एका क्रियापदात मावतो. शिक्का बसतो, तोही दुसऱ्याच्या हातून.

एक खड्डा मात्र टाळा. ‘विचलन’ घेतलं म्हणून त्या माणसाला ‘विचलित व्यक्ती’ म्हणू नका. मराठीत विचलित होतं ते मन. वाचकाला वाटेल, बिचाऱ्याला काहीतरी वाईट बातमी कळलीय. ‘चाकोरीबाहेरचा’ही चालणार नाही, ती आता शाबासकी झालीय. ‘रूढ नियम मोडणारा’ लिहा, आणि बेकरच्या प्रकरणात ‘नियम मोडणारा ठरवलेला’.