एवढे मोठे प्राणी गेले कुठे? वाचकांचे प्रश्न

सर, सह्याद्री ज्या लाव्हाने बनला त्यातच मॅमथ वगैरे मेले ना? (अकरावीतला विद्यार्थी, कराड)

नाही रे. तो लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा, डायनासोर संपले त्या काळातला. मॅमथ म्हणजे केसाळ हत्ती, अवाढव्य स्लॉथ म्हणजे पाला खाणारे सुस्त प्राणी, लांब सुळ्यांचा वाघासारखा स्मायलोडॉन हे सगळे गेले ते गेल्या ५०,००० वर्षांत, तेव्हा माणूस होता.

मग हवामानाने गेले की माणसाने मारले? दोन्ही वाचायला मिळतं. (सातारा)

वाद अजून मिटलेला नाही, पण माझं मत विचाराल तर नुसतं हवामानावर ढकलून चालत नाही. हिमयुगं आधीही कितीतरी वेळा आली नि गेली, तेव्हा हेच प्राणी तगले, मग शेवटच्याच वेळी का संपले? ऑस्ट्रेलियात गेंड्याएवढा डायप्रोटोडॉन (कांगारूसारखाच पोटाला पिशवी असलेला प्राणी) साधारण ४०,००० वर्षांपूर्वी गेला, म्हणजे माणूस तिथे पोचल्यावर. अमेरिकेत बरेचसे १३,००० ते ११,००० वर्षांपूर्वी गेले, तिथे हवामानही त्याच वेळी झपाट्याने बदलत होतं म्हणून गुंता आहे, हे मान्य. पण क्युबा बघा ना, हिमयुग संपून हजारो वर्षं झाली तरी तिथले स्लॉथ मजेत होते आणि माणूस बेटावर आल्यावर दिसेनासे झाले. मला तरी हा पुरावा सगळ्यात जड वाटतो. माझ्या मते हवामानाने कळप आधीच विरळ केले होते आणि शिकारीने उरलेले संपवले.

उंदीर, ससे वाचले, मोठेच का गेले? (इस्लामपूर)

पिल्लांचा हिशोब. हत्तीण २२ महिने गाभण राहते, पिल्लू बहुतेक एकच, आणि पुढचं चार-पाच वर्षांनी. मॅमथचंही असंच असणार. अशा कळपातून दरवर्षी थोडे जरी जास्त मारले तरी भरपाई होत नाही, आणि मारणाऱ्याला ते त्याच्या आयुष्यात कळतही नाही. कधी कधी तर फार वेळही लागत नाही. बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय, म्हणजे पाण्यातली वनस्पती खाणारा एक अवाढव्य प्राणी, १७४१ मध्ये शास्त्रज्ञांना दिसली आणि १७६८ पर्यंत संपली, शिकारीनेच.

आपल्या भागात असे प्राणी होते का? आणि शिराळ्याकडे गवे येतात ते त्यातलेच का? (एक ताई, मिरज)

होते ना ताई! मिरजेपासून फार लांब नाही, गोकाकजवळ भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना एकोणिसाव्या शतकात गेंड्याचे जीवाश्म सापडले. भारतात तेव्हा पाणघोडेही होते, आजच्या हत्तीहून मोठा पॅलिओलॉक्सोडॉन नावाचा हत्ती होता, ते गेले. पण हत्ती, गेंडा, गवा राहिले. आफ्रिकेतही असंच, कारण तिथल्या आणि इथल्या प्राण्यांना माणसाची सवय लाखो वर्षांची, अमेरिकेतल्यांना ती नव्हतीच. चांदोली-कोयनेतला गवा हा त्या टिकलेल्यांपैकीच, आणि त्याची मादीही एका वेळी एकच वासरू देते. म्हणून कळकळीने सांगतो, गवा शिवारात आला तर मोबाईल घेऊन गर्दीने मागे लागू नका, लांब राहा आणि आधी फॉरेस्टवाल्यांना फोन करा.