'देवाला ऐकणे' की 'देवाचे ऐकणे'?

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळानिमित्त (ईस्टरच्या सणाआधीचा 'लेंट') निघालेल्या एका पत्रकात 'प्रार्थना व देवाला ऐकणे याद्वारे देवामध्ये सामर्थ्य शोधू या' अशी ओळ आहे. इथे 'देवाला' हवे की 'देवाचे'? आणि ओळ वाचताना अडखळायला का होते?

व्याकरणाने दोन्ही चालतात, पण अर्थ वेगळे आहेत. आपण गायकाला ऐकतो, वक्त्याला ऐकतो. 'मी भीमसेन जोशींना समोर बसून ऐकलंय' असे कोणी म्हणाले, तर तो त्यांच्या गाण्याबद्दल बोलत असतो. त्यांनी सांगितले म्हणून काही केले, असा त्याचा अर्थ होत नाही. आईचे मात्र ऐकायचे असते. 'चे' लागला की ऐकण्यात वागणेही आले. 'पोरगं अजिबात ऐकत नाही' ही तक्रार घेऊन कोणी कानाच्या डॉक्टरकडे जात नाही!

मराठी बायबलात हा 'चे' नेमक्या जागी आहे. येशूचे रूपांतर होते, म्हणजे शिष्यांसमोर त्याचे रूप तेजस्वी होते, त्या डोंगरावर मेघातून देवाची वाणी येते, 'ह्याचे तुम्ही ऐका' (मार्क 9:7). कॅथलिक उपासनेत उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी रूपांतराचाच उतारा वाचतात. तेव्हा पत्रकातही 'देवाचे ऐकणे'च हवे.

'ऐकू येणे' ही आणखी निराळी गोष्ट. तिथे आपली इच्छा असो नसो, आवाज कानावर पडतो. बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला रात्री देवाची हाक ऐकू आली, पण त्याला सांभाळणारा याजक एलीच बोलावतोय असे वाटून तो तीनदा उठून त्याच्याकडे धावला. एलीने समजावल्यावर, चौथ्या हाकेला तो 'बोल, तुझा दास ऐकत आहे' असे म्हणाला. 'ऐकू आले' ते 'ऐकत आहे' एवढे अंतर कापायला त्याला कोणीतरी जाणता माणूस लागला, हे मला त्या गोष्टीत फार आवडते.

आता या क्रियापदाची उलटी बाजू. 'देवाने माझे ऐकले' म्हणजे मराठीत सरळ 'मागितले ते दिले'. मागणे पुरे झाले नाही की 'देव ऐकत नाही'. बोलीत हे इतके मुरले आहे की बायबलातली एक जागा मराठी वाचकाला बुचकळ्यात टाकते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा 'प्याला' दूर करण्याची प्रार्थना करतो, पण 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' असेही म्हणतो. प्याला काही टळत नाही. तरी त्याची प्रार्थना ऐकली गेली, असे बायबलातले 'इब्री लोकांस पत्र' (5:7) म्हणते. मग मिळाले काय? लूक (22:43) सांगतो, देवदूत येऊन त्याला शक्ती देताना दिसला. म्हणजे 'ऐकले'चा अर्थ इथे 'मान्य केले' असा लावून चालत नाही.

अडखळण्याचे दुसरे कारण 'सामर्थ्य शोधू या'. शोधतात हरवलेली किल्ली. बळ मराठीत येते, मिळते, देव देतो. फार तर आपण ते एकवटतो. एलियाची कथा पाहा (1 राजे 19). ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. तो काही शोधत नसतो, झोपलेला असतो! देवदूत त्याला दोनदा उठवून भाकर-पाणी देतो आणि त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेब डोंगरावर पोहोचतो. तिथे वारा, भूकंप, अग्नी सगळे होऊन जाते. परमेश्वर त्यांत नसतो. मग एक शांत, मंद वाणी येते, आणि ती त्याला थेट पुढच्या कामाला लावते: परत जा, अमक्याअमक्याला अभिषेक कर. बळ आधी, वाणी मग, लगेच काम.

'उपवासकाळ' हा शब्द ठेवायला हरकत नाही. 'प्रायश्चित्तकाळ'ही म्हणतात, आणि 'लेंट' सगळ्यांना कळते. मात्र राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे हे चाळीस दिवस रविवार वगळून मोजलेले असतात, आणि त्यांत उपवासाइतकाच प्रार्थनेला व दानधर्माला मान आहे. नुसत्या 'उपवास'मुळे या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात, एवढे लक्षात असू द्यावे.

ओळ मी अशी करीन: 'या उपवासकाळात प्रार्थना करू या, देवाचे ऐकू या आणि त्याच्याकडून बळ घेऊ या.' 'द्वारे' आणि 'मध्ये' दोन्ही गेले. त्यांच्यावाचून काही अडत नाही.